मधोमध ठेवलेले ताट: सिंगापूरच्या 'त्सी चार'चा इतिहास

१/ सिंगापूरच्या निवासी वसाहतींत संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. इमारतीच्या तळमजल्यावर कॉफीचे दुकान, त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि गोल टेबले. टेबलाच्या मधोमध लाल रश्श्यातला खेकडा, वाफवलेला अख्खा मासा, लसूण घालून परतलेली पालेभाजी. प्रत्येकापुढे स्वतःचा असा फक्त भाताचा वाडगा. बाकी सारे सर्वांचे. या जेवणाला 'त्सी चार' म्हणतात. दिसायला साधे असले, तरी त्याच्या मागे स्थलांतर, महायुद्ध, आग, साथीचे रोग आणि दोन देशांमधला वाद एवढा इतिहास उभा आहे. त्याची ही मांडणी.

२/ आधी शब्द. 'त्सी चार' हा होक्कियन बोलीतला शब्द आहे. चीनच्या फुजियान प्रांताच्या दक्षिण भागात ही बोली बोलली जाते. 'त्सी' म्हणजे शिजवणे आणि 'चार' म्हणजे कढईत परतणे. मराठीतल्या 'चार' या संख्येशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे हे एखाद्या पदार्थाचे नाव नाही. 'सांगाल ते शिजवून आणि परतून देतो' एवढाच त्याचा अर्थ. आचाऱ्याचे कौशल्य आणि गिऱ्हाइकाची फर्माईश, दोन्ही या नावात आली.

३/ सिंगापूरमधला साधा फेरीवाला बहुधा एकाच पदार्थावर हात बसवतो: कुणी फक्त नूडल्स, कुणी फक्त कोंबडी आणि भात. मोठ्या रेस्टॉरंटात मेजवान्या होतात. त्सी चार या दोहोंच्या मधले. एका कढईवर पन्नास-साठ पदार्थ होतात आणि प्रत्येकाचे लहान, मध्यम, मोठे असे आकार ठरलेले असतात, कारण ताट एका माणसासाठी नसतेच. टेबलावर किती जण बसले आहेत यावर आकार ठरतो. खेकडा आणि मासा मात्र वजनावर आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने विकला जातो. म्हणून अनेक मेनूंवर त्यांच्यापुढे आकडा छापलेलाच नसतो.

४/ एका ताटात सर्वांनी जेवणे ही चिनी लोकांची अनादी काळापासूनची रीत, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. हान काळातला चिनी माणूस जमिनीवर चटई अंथरून बसे आणि त्याच्यापुढे त्याचे स्वतंत्र, बुटके पाट मांडले जाई. दहाव्या शतकातल्या गू होंगझोंग या चित्रकाराचे 'हान शीझाई याची रात्रीची मैफल' हे चित्र पाहावे. मूळ चित्र आज नाही, परंतु सोंग काळातली त्याची नक्कल उपलब्ध आहे. त्यातही पाहुण्यांपुढे पदार्थांचे निरनिराळे संच मांडलेले दिसतात.

५/ बदल घडवला तो लाकडी सामानाने. तांग आणि सोंग काळात उंच खुर्च्या आणि उंच टेबले रूढ होत गेली. टेबलाभोवती माणसे समोरासमोर बसू लागली आणि ताटे मध्यभागी सरकली. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल. आपली पंगत एकत्र बसते खरी, पण पान ज्याचे त्याचे. वाढपी फिरतो, ताट फिरत नाही, आणि उष्ट्याचा विचार पक्का. पंगतीत माणसे ओळीने बसतात, त्सी चारमध्ये वर्तुळात. दोन्ही सहभोजनेच, परंतु रचना निराळ्या.

६/ आता सिंगापूर. १८१९ साली स्टॅमफर्ड रॅफल्सने इथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार उभारली. बंदर करमुक्त होते, त्यामुळे व्यापार झपाट्याने वाढला. १८६७ पर्यंत या वसाहतीचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थानातून चाले. दक्षिण चीनमधून होक्कियन, तेओच्यू, कँटनी, हाक्का आणि हैनानी लोक जहाजे भरून येऊ लागले. गोदीवर ओझी वाहणे, मळ्यांत राबणे, रिक्षा ओढणे ही त्यांची कामे. बोली वेगळ्या, देव वेगळे, आणि स्वयंपाकही वेगळा.

७/ या स्थलांतरितांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या कितीतरी पट होती. बहुतेकांचे कुटुंब मागे गावी. एकेका खोलीत अनेकांनी दाटीवाटीने राहायचे. चूल मांडायला जागा नाही आणि रांधायला वेळ नाही. मग रस्त्यावर खांद्यावरच्या कावडीत चूल आणि भांडी घेऊन फिरणाऱ्या फेरीवाल्याकडून एक वाडगा घ्यायचा आणि उकिडवे बसून संपवायचा. मधोमध ताट ठेवून जेवायला आधी कुटुंब लागते. एकोणिसाव्या शतकातल्या सिंगापुरी मजुराकडे नेमके तेच नव्हते.

८/ चित्र पालटले ते मंदीच्या काळात. जागतिक मंदीने रबर आणि कथिलाचे भाव कोसळले, तेव्हा वसाहतीच्या सरकारने चिनी मजुरांच्या आगमनावर मर्यादा घातली. १९३३ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याने पुरुषांसाठी कोटा ठरवला. स्त्रियांना मात्र १९३८ पर्यंत त्यातून सूट होती. परिणामी त्या काही वर्षांत चिनी स्त्रिया मोठ्या संख्येने मलाया आणि सिंगापुरात आल्या. सरकारला हवी होती मजुरांची कपात. घडले ते असे, की एकट्या पुरुषांच्या वस्तीत संसार उभे राहू लागले.

९/ संसारांना बसायला जागा दिली ती 'कोपितियाम'ने. 'कोपी' हा कॉफीसाठीचा मलय शब्द, 'तियाम' म्हणजे होक्कियनमध्ये दुकान. अशी दुकाने चालवण्यात हैनानी लोक पुढे होते. ते इतरांपेक्षा उशिरा आले, तोवर चांगले धंदे इतर गटांनी व्यापले होते. म्हणून अनेक हैनानी ब्रिटिशांच्या घरी आणि हॉटेलांत आचारी झाले. पुढे त्यांनी कॉफीची दुकाने काढली. दुकानदार स्वतः कॉफी-चहा विके आणि उरलेली जागा खाद्यपदार्थांच्या गाड्यांना भाड्याने देई. त्सी चारची कढई याच भाड्याच्या कोपऱ्यात स्थिरावली.

१०/ मग युद्ध आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि १९४५ च्या सप्टेंबरपर्यंत जपानी अंमल राहिला. उपासमार, टंचाई आणि काळाबाजार यांतून शहर बाहेर पडले, तेव्हा हाताला काम नव्हते. थोड्या भांडवलात सुरू होणारा धंदा एकच: खाद्यपदार्थ विकणे. रस्ते फेरीवाल्यांनी भरले. १९५० मध्ये सरकारला त्यांच्या प्रश्नावर चौकशी आयोग नेमावा लागला. ज्या पदार्थांवर पुढे राष्ट्र अभिमान सांगणार होते, त्यांतले कित्येक या बेकारीच्या वर्षांत जन्मले.

११/ त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चिली क्रॅब. चेर याम तियान ही गृहिणी खेकडे नेहमी वाफवत असे. पती लिम चून एंगी यांनी काहीतरी वेगळे करायला सांगितले. तिने टोमॅटो सॉसमध्ये खेकडे परतून पाहिले. चव फार गोड झाली. मग त्यात बाटलीतला मिरचीचा सॉस घातला. शेजारीपाजारी खूश झाले आणि १९५६ साली दोघांनी हातगाडीवर तो पदार्थ विकायला सुरुवात केली. पुढे अपर ईस्ट कोस्ट रोडवर त्यांचे 'पाम बीच' हे रेस्टॉरंट उभे राहिले.

१२/ दुसरे रूप व्यावसायिक आचाऱ्याच्या हातून आले. हूई कोक वाई हे कँटनी स्वयंपाकातले नामांकित आचारी. १९६३ मध्ये त्यांनी 'ड्रॅगन फिनिक्स' हे रेस्टॉरंट काढले. बाटलीतल्या सॉसऐवजी त्यांनी मलय पद्धतीचे साम्बाल म्हणजे मिरचीचे वाटण वापरले, आंबटपणा आणला आणि शेवटी रश्श्यात अंडे फेटून घातले. दाट, रेशमी रस्सा ही त्याची ओळख ठरली. आज वाडीवस्तीवरच्या त्सी चारमध्ये मिळणारा चिली क्रॅब बहुधा या दुसऱ्या घराण्याचा असतो. रस्सा पुसून खायला सोबत तळलेले 'मान्तोऊ' पाव येतात.

१३/ या रश्श्यातल्या एकेका घटकाचा प्रवास पाहावा. टोमॅटो सॉससाठी इंग्रजीत रूढ असलेला 'केचप' हा शब्द होक्कियनमधल्या 'के-त्सियाप'पासून आला, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. त्याचा अर्थ माशाचे खारवलेले पाणी. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी तो शब्द आणि ती चव सतराव्या शतकाच्या अखेरीस मायदेशी नेली. तिथे अळंबी आणि अक्रोडांचे केचप झाले. १८१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेम्स मीज यांनी टोमॅटोची कृती छापली आणि १८७६ पासून हाइन्झ कंपनी टोमॅटो केचप विकू लागली. होक्कियन शब्द जग फिरून, लाल होऊन, बाटलीतून चिनी कढईत परतला.

१४/ मिरचीची वाट आपल्या किनाऱ्याला स्पर्श करून जाते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी, १५११ मध्ये, आल्फोन्सो द आल्बुकर्कने मलाक्का जिंकले. हे बंदर आजच्या मलेशियात, सिंगापूरपासून फार दूर नाही. गोवा आणि मलाक्का एकाच सागरी साम्राज्याची ठाणी झाली आणि पोर्तुगीजांच्या या जाळ्यातून मिरची आशियाभर पसरली. कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि सिंगापूरचा चिली क्रॅब यांची मिरची याच जलमार्गांची देणगी आहे.

१५/ आणि खेकडा? वापरला जातो तो चिखलातला, कांदळवनातला मोठा खेकडा. कोकणच्या खाड्यांतही त्याच कुळातला खेकडा सापडतो. कोळी त्याला चिंबोरी म्हणतात, मालवणीत कुर्ली. सिंगापूरची स्वतःची कांदळवने शहर वाढताना आकसत गेली. त्यामुळे खेकडे बाहेरून येऊ लागले, आणि अनेक दशके श्रीलंकेच्या खेकड्याला तिथे विशेष मान आहे. अस्सल सिंगापुरी म्हणून मिरवणाऱ्या ताटातला मुख्य पाहुणा बहुधा हिंदी महासागर ओलांडून आलेला असतो.

१६/ भारताशी याहून थेट दुवा आहे तो फिश हेड करीचा. १९४९ मध्ये केरळमधून आलेले एम. जे. गोमेझ यांनी सिंगापुरातल्या आपल्या भोजनालयात माशाचे डोके घालून आमटी केली. भारतीय गिऱ्हाइके डोके सहसा टाकून देत. चिनी गिऱ्हाइकांना मात्र डोळ्यांजवळचे आणि गालांचे मांस अतिशय प्रिय. पदार्थ चालला. लवकरच चिनी आचाऱ्यांनी डोके आधी वाफवून घेण्याची पद्धत आणली आणि ही करी त्सी चारच्या मेनूत जाऊन बसली. मसाला दक्षिण भारताचा, आवड दक्षिण चीनची.

१७/ टेबलावरचे संकेतही समुद्राने घडवलेले आहेत. अख्ख्या माशाची वरची बाजू संपली, की दक्षिण चीनच्या किनाऱ्याकडचे जुने लोक मासा उलटत नाहीत. मधला काटा अलगद उचलून खालचे मांस घेतात. मासा उलटला तर होडी उलटते, हा दर्यावर्द्यांचा समज. कोळीवाड्यात वाढलेल्याला यात परके काही वाटणार नाही. ज्यांनी कधी होडीत पाय ठेवला नाही, असे अनेक जण आजही तो संकेत पाळतात.

१८/ आता चुलीकडे. त्सी चारचा प्राण गोल बुडाच्या लोखंडी कढईत आणि प्रचंड आचेत असतो. घरगुती शेगडीला ती आच झेपत नाही. जिन्नस बारीक चिरलेले, तेल धुरावर आलेले, आणि पदार्थ मिनिट-दोन मिनिटांत तयार. त्यातून येणाऱ्या खमंग, किंचित धुरकट वासाला कँटनी भाषेत 'वोक हे' म्हणजे कढईचा श्वास म्हणतात. ताट टेबलावर येईपर्यंतच तो टिकतो. म्हणून मोठ्या स्वयंपाकघरात आधी शिजवून ठेवणे या धंद्यात चालत नाही. प्रत्येक ताटामागे आचाऱ्याला आगीसमोर उभे राहावेच लागते.

१९/ यानंतर या जेवणाची जागाच बदलली. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या दाट झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे १६ हजार लोक बेघर झाले. आदल्याच वर्षी गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले होते. मंडळाने त्याच जागी वेगाने बहुमजली इमारती उभारल्या आणि पुढे साऱ्या देशासाठी तोच साचा झाला. आज तीन-चतुर्थांशांहून अधिक रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. इमारतींच्या तळमजल्यांवर दुकाने आली, दुकानांत कोपितियाम आले, आणि कोपितियाममध्ये त्सी चार आला.

२०/ त्याच सुमारास रस्ते रिकामे केले गेले. १९६८-६९ मध्ये फेरीवाल्यांची नोंदणी झाली. १९७१ ते १९८६ या काळात नळ, गटार आणि छप्पर असलेली केंद्रे बांधून त्यांना तिथे हलवण्यात आले. समुद्रही सरकला. १९६६ पासून पूर्व किनाऱ्यावर भराव टाकला जाऊ लागला आणि जिथे लाटा होत्या तिथे रस्ते व इमारती आल्या. स्वच्छता आली, अतिसारासारखे रोग हटले, हे निर्विवाद. मात्र किनाऱ्यावरची टेबले आणि किनारा यांची ताटातूट झाली. समुद्राचे जेवण वसाहतीत आले आणि शेजाऱ्यांचे झाले.

२१/ एका ताटात अनेकांनी जेवणे आरोग्याला घातक नाही का, हा प्रश्न जुना आहे. तो मांडला याच प्रदेशाच्या एका सुपुत्राने. १८७९ मध्ये पेनांगला जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी १९१०-११ च्या मांचुरियातील फुप्फुसाच्या प्लेगशी लढा दिला. त्या साथीत सुमारे ६० हजार लोक मेले. मुखपट्टीचा आग्रह धरणारे हेच ते डॉक्टर. त्यांनी जेवणाच्या टेबलाचाही विचार केला: मध्ये फिरती थाळी ठेवावी आणि प्रत्येक पदार्थाला वाढण्याचा स्वतंत्र चमचा असावा. सहभोजन बंद करा असे त्यांनी म्हटले नाही. ते सुरक्षित कसे होईल ते सांगितले.

२२/ शतकानंतर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ७ एप्रिल २०२० पासून सिंगापुरात बाहेर बसून जेवण्यास बंदी आली. पदार्थ फक्त घरी नेता येत. जूनमध्ये टेबले उघडली, पण एका टेबलावर पाचच जण. २०२१ मध्ये काही काळ तर केवळ दोघांनाच एकत्र बसण्याची मुभा होती. दोघांसाठी अख्खा मासा, खेकडा आणि भाजी कोण मागवणार? आकार माणसांच्या संख्येवर ठरणाऱ्या या जेवणाचे सारे गणितच कोलमडले. २६ एप्रिल २०२२ रोजी संख्येची मर्यादा पूर्णपणे उठली.

२३/ दरम्यान या ताटांवर मालकीचे वाद झडले. २००९ मध्ये मलेशियाच्या तत्कालीन पर्यटनमंत्र्यांनी चिली क्रॅबसह काही पदार्थ मूळचे आपलेच असल्याचे जाहीर केले आणि सिंगापुरात संताप उसळला. १९६५ पर्यंत काही काळ एकाच संघराज्यात असलेले हे दोन देश. तीच बंदरे, तेच स्थलांतरित, त्याच बोली. सरहद्द कढईतून ओढायची कशी? २०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या फेरीवाला संस्कृतीची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. नोंद झाली ती एखाद्या पदार्थाची नव्हे. एकत्र येऊन खाण्याच्या जिवंत प्रथेची झाली.

२४/ खरा धोका आता वादात नाही, वयात आहे. सिंगापूरमधल्या फेरीवाल्यांचे मध्यक वय साठीच्या आसपास पोहोचले आहे. दिवसाचे बारा तास आगीसमोर उभे राहायचे, पहाटे बाजारातून मासळी आणायची, भाडे आणि मजुरी चुकवायची, आणि तरीही ताट स्वस्तच हवे ही गिऱ्हाइकाची अपेक्षा सांभाळायची. मुलांनी हा धंदा करू नये म्हणूनच आईबापांनी त्यांना शिकवले. ती मुले शिकली, कचेरीत गेली, आणि आता त्याच टेबलांवर गिऱ्हाईक म्हणून बसतात. स्थलांतरिताच्या यशाने स्थलांतरिताची कढई ओस पडावी, असा हा पेच आहे.

२५/ या साऱ्या प्रवासाचा अर्थ एवढाच निघतो, की मधोमध ठेवलेले ताट कोणाला वडिलोपार्जित मिळालेले नव्हते. उंच टेबलांनी ते शक्य केले. एकट्या मजुरांना ते नाकारले गेले. एका कायद्यातल्या फटीतून आलेल्या स्त्रियांमुळे ते घराघरांत मांडले गेले. युद्धानंतरच्या बेकारीने त्यात नवे पदार्थ घातले, घरबांधणीने त्याला जागा दिली, साथींनी त्याची परीक्षा पाहिली. प्रत्येक पिढीला ते नव्याने मांडावे लागले. पुढच्या पिढीलाही पाककृती सहज सापडतील. त्या लिहून ठेवल्या आहेत. शोधावी लागतील ती आगीसमोर उभी राहायला तयार असलेली माणसे, आणि त्यांच्या श्रमाचे योग्य मोल देणारी गिऱ्हाइके.